दाखल्यापुरता इतिहास

आमच्या घरात पदवीधर दोन. धाकटा भाऊ इंजिनिअर आणि मी बीए. लग्नाकार्यात ओळख करून देताना आमचे मामा अजूनही म्हणतात, "हा धाकटा, पुण्याला असतो, कंपनीत. आणि हा थोरला... हा इथंच असतो." त्या 'इथंच'मध्ये माझी पदवी, माझा इतिहास विषय आणि माझे भवितव्य असे सगळे मावते. अकरावीला मी आर्ट्स घेतले तेव्हा याच मामांनी मला मांडवाबाहेर नेऊन हळूच विचारले होते, "गणितात उडलास का रे?"

मामांवर राग नाही. जालना हे व्यवहाराचे गाव. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते काही इथल्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडे पाहून म्हणत नाहीत. इथे भंगार वितळवून सळई होते, मोसंबीची बोली लागते, आणि १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढल्यापासून इथले बियाणे देशभर जाते. भंगाराची सळई करण्यात ज्या गावाचा हात कोणी धरणार नाही, त्या गावाने जुन्या कागदांना मात्र भंगारच मानले. त्याची सळई होत नाही, हे कारण पुरेसे होते.

मग २०२३ चा सप्टेंबर उजाडला.

मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचे नाव दिल्लीपर्यंत गेले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली. जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांच्या कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या आणि तहसिलांच्या रेकॉर्ड रूममधल्या बस्त्यांनी कित्येक वर्षांनी ऊन पाहिले. कोतवाल बुके निघाली, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे निघाली, निजामाच्या काळातली उर्दू पत्रके निघाली, मोडीतले कागद निघाले. ते स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढले. राज्यभरात पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारनेच सांगितले. आरक्षण कुणाला द्यावे, किती द्यावे, कुठून द्यावे, हा या सदराचा प्रांत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे माइकही आहे.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या जिल्ह्यात 'इतिहास घेऊन काय करणार?' हा प्रश्न पाळण्यापासून विचारला जातो, त्या जिल्ह्याने एका महिन्यात पुराभिलेखांचे संशोधन सुरू केले. तेही फुकट, ऑनलाइन, रात्री बारा वाजता, अंगठ्याने स्क्रीन मोठी करत. मानव्यविद्यांचा एवढा मोठा वर्ग महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाला आजवर भरवता आलेला नाही. हजेरी शंभर टक्के, आणि हजेरीसाठी कोणाला नोटीस लावावी लागली नाही.

मामांचा फोन आला. "काय करायलास रे?"

"वाचायलो, मामा."

"तुला मोडी येतं म्हणं?"

"येतं थोडं."

"थोडं म्हणजे किती? पणजोबापर्यंत वाचता येईल का?"

बीए झाल्याला तीस वर्षे झाली. माझ्या विषयातला हा पहिला प्रश्न घरातून आला.

मोडीचे असे झाले की, १९५० च्या दशकात ती शाळांतून गेली आणि आम्ही तिला शब्दशः मोडीत काढली. निजामाच्या राज्यात १८८४ पर्यंत कारभाराची भाषा फारसी, पुढे उर्दू. म्हणजे आपल्या पणजोबाचे नाव ज्या दोन लिप्यांत लिहिलेले असायचे, त्यातली एकही आपल्याला येत नाही. युनिकोडवाल्यांनी २०१४ मध्ये जगभरच्या लिप्यांच्या रांगेत मोडीला जागा दिली. आम्हाला ही बातमी लागली नऊ वर्षांनी, तीही दाखला अडल्यावर. तोवर मोडी येणारा माणूस म्हणजे सुट्टीत पत्रावळी लावणाऱ्या आजोबांसारखा, हौशी आणि निरुपद्रवी. आता त्याला जिल्हाधिकारी कार्यालयातून बोलावणे येऊ लागले. एकाने तर पानामागे दर लावला. मानव्यविद्येला बाजारभाव मिळालेला मी डोळ्यांनी पाहिला, आता डोळे मिटायला हरकत नाही.

पुढे २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि टपरीटपरीवर आणखी एक नवा विषय सुरू झाला. "गॅझेटमध्ये आहे" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले की मला वाटले, ते गॅझेट चहासोबत मिळते. त्यातल्या निम्म्या लोकांना गॅझेट आणि गॅझेटियर एकच वाटते, उरलेल्या निम्म्यांना तो मोबाईलचा प्रकार वाटतो. गॅझेट म्हणजे राजपत्र, सरकारी हुकूम छापायचे. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची कुंडली: माती कसली, पाऊस किती, कोणत्या जाती, कोणते धंदे, आठवडी बाजार कुठल्या वारी. मराठीत त्याला दर्शनिका असे सुंदर नाव आहे आणि राज्य सरकारचा दर्शनिका विभाग नावाचा विभागच आहे. त्याची बरीच गॅझेटियरे फुकट वाचायला मिळतात. अर्थात इंग्रजीत. आपल्या गावाचा बाजार कुठल्या वारी भरायचा हे इंग्रजीत वाचण्याचे भाग्य आपल्याखेरीज फार थोड्या लोकांना लाभले असेल.

तर, फुकट.

फुकटाचा विषय निघालाच आहे तर हिशोब करू. मराठी विश्वकोश फुकट. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बसले, १९७६ मध्ये पहिला खंड आला, पुढे वीस खंड झाले, आणि ते सगळे आज खिशात मावतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके उतरवून घ्या, फुकट. महात्मा फुले समग्र वाङ्मय फुकट. डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड राज्य सरकारने १९७९ पासून छापले, तेही फुकट. बालभारतीची सगळी पुस्तके फुकट. एमएचे समाजशास्त्र शिकायचे तर ई-पीजी पाठशाला आहे, इग्नूचे ई-ज्ञानकोश आहे, खरगपूरच्या आयआयटीने उभे केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. परदेशातले पाहायचे तर इंटरनेट आर्काइव्ह आहे, जुनी छापील पुस्तके पोत्याने.

एवढे सगळे फुकट असताना आमच्या शहरात पैसे कशाचे लागतात? खुर्चीचे.

गल्लोगल्ली अभ्यासिका निघाल्या आहेत. आत पुस्तक एक नसते. महिन्याला पैसे द्यायचे आणि मिळते काय, तर खुर्ची, टेबल, पंखा, वायफाय आणि 'शांतता राखा' अशी पाटी. ज्ञान मोकाट सुटले आणि खुर्चीला कुलूप लागले. आमचा भाचा अशाच एका अभ्यासिकेत तीन वर्षे एमपीएससी करतो. त्याला समाजसुधारक सगळे पाठ आहेत, जन्म आणि मृत्यूच्या सनासकट. मी त्याला एकदा विचारले, "फुले वाचलेस का?"

"झालं मामा, दोन मार्काला असतात."

दोन मार्कांत फुले, दोनात शाहू, दोनात कर्वे. एखादे साल आयोगाने तीन मार्क केले तर भाचा फुल्यांचे एखादे पुस्तक उघडेलही. तोवर ते फुकट असून काय उपयोग? जे फुकट असते आणि परीक्षेत नसते, ते आमच्याकडे अस्तित्वातच नसते.

हे सरकारला नीट कळले आहे. म्हणून ऑनलाइन शिकायला स्वयम् हे पोर्टल काढले, २०१७ मध्ये. शिकणे फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र फी. इतकी अचूक नाडीपरीक्षा एखाद्या वैद्यालाही जमली नसती. ज्ञानाला पैसे लावले तर कोणी येणार नाही, दाखल्याला लावले तर रांग लागेल. शिवाय २०२१ च्या यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत विषय असे ऑनलाइन करून श्रेयांक घेता येतात. मुलांनी त्यावर जे केले ते मी पाहिले आहे. एका घरी गेलो होतो. ओसरीत मोबाईल भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यात कोणी प्राध्यापक मॅक्स वेबर शिकवताहेत, दुप्पट वेगाने, आणि समोर कोणी नाही. एक शेळी तेवढी होती. पोरगा रानात गेला होता, मोसंबीला पाणी द्यायला. संध्याकाळी त्याच्या खात्यावर 'पूर्ण' अशी हिरवी खूण आली. वेबर शेळीला किती कळला ते माहीत नाही, पण पूर्ण वेळ ऐकणारी तीच एक होती.

हसू नका. त्या पोराच्या कॉलेजात समाजशास्त्र कोण शिकवते? तासिका तत्त्वावरचा एक नेट झालेला माणूस, जो तासावर पैसे घेतो, आणि ते कधी येतात हे तपासायला दर आठवड्याला बँकेत जातो. जागा रिकाम्या, भरती अडलेली, आणि वरून परिपत्रक: ऑनलाइन साधनांचा वापर वाढवा. विद्या फुकट करता करता विद्या देणाराही जवळपास फुकट करून टाकला. हे मात्र कोणत्याही पोर्टलवर दिसत नाही.

पोर्टलवर शोधगंगा दिसते. देशभरातले पीएचडीचे प्रबंध, वाचायला फुकट. मी उन्हाळ्यात तिकडे जाऊन बसतो, करमणूक चांगली होते. मराठवाड्यातल्या गावांवर, चळवळींवर, बाजारांवर, बलुत्यांवर काही प्रबंध खरेच असे आहेत की वाचताना उठवत नाही. एखाद्या बाईने दहा गावे पायी फिरून लिहिलेले असते आणि ते आजवर मार्गदर्शक आणि परीक्षक सोडून कोणी उघडलेले नसते. बाकीच्यांत प्रकरण दोन, 'विषयाची पार्श्वभूमी', हे एकमेकांचे सख्खे भाऊ असल्यासारखे दिसते. सर्वांत मौलिक प्रकरण आभाराचे. तिथे तरी प्रत्येकाने आपापल्या बायकोचे नाव लिहिलेले असते.

आता जरा गाडी भोकरदनकडे वळवतो, कारण तिथे माझा जीव अडकलेला आहे.

भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी केळना नदीच्या काठचा माणूस मध्य प्रदेशात जाऊन स्तूपाला देणगी देत होता. आज तो पावती फोटोसकट स्टेटसला ठेवता. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत लिहिला. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, मोडलेली. आणि तिची बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ती कुठे सापडली होती? इटलीत, पोम्पेईत, १९३८ मध्ये. ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या शहरात, राखेखाली, आपल्याकडची एक बाई दागिने घालून उभी होती. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि मोबाईलवर फुकट बघायला मिळते, चारी बाजूंनी, केसांची वेणी मोजता येईल इतकी.

मी ती भोकरदनच्या एका हॉटेलात चहा पिता पिता समोरच्या माणसाला दाखवली. म्हटले, ही आपल्या गावच्या मूर्तीसारखीच आहे, इटलीत सापडली. त्यांनी चष्मा वर करून पाहिले. मग विचारले, "तिकडं कामून गेली?"

याहून चांगला प्रश्न मला बीएच्या कोणत्याही परीक्षेत कोणी विचारला नव्हता. तिकडे का गेली? कोणत्या वाटेने? उज्जैन-पैठणच्या मार्गाने की बंदरावरून? कोणी विकली, कोणी विकत घेतली, हस्तिदंत आणले कुठून? यावर पुस्तके आहेत, लेख आहेत, निम्मे फुकट आहेत. मी सांगायला तोंड उघडले तर ते उठले. एसटी लागली होती.

त्याच केळनेच्या बाजूला असई. केळना आणि जुई यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी लढाई केली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमान नावाचा जर्मन होता. लढाई इंग्रज जिंकले, पण माणसे इतकी पडली की पुढे ड्यूक होऊन वॉटर्लू जिंकलेल्या वेलस्लीला म्हातारपणी तुमचा सर्वांत सरस पराक्रम कोणता असे विचारले, तर त्याने असईचे नाव घेतले, असे सांगतात. ज्या पलटणी तिथे लढल्या, त्यांच्या निशाणावर असईचा हत्ती आला. वेलस्लीची पत्रे एकोणिसाव्या शतकातच छापली गेली आणि आज इंटरनेट आर्काइव्हवर पानापानाने उघडतात. आपल्या बाजूची पत्रे? असतील की, बस्त्यात. पराभूतांचे कागद मोडीत, विजेत्यांचे पीडीएफमध्ये.

हिशोब असा लागतो. असईचा नकाशा लंडनमध्ये, भोगवर्धनच्या मूर्तीची जोडीदारीण नेपल्समध्ये, देणगीच्या पावत्या सांचीत, आणि घनसावंगी तालुक्यातल्या जांबला १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या बाडांचा मोठा साठा धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात. जिल्ह्यात राहिली मोसंबी. तीही पुढे दिल्लीला जाते.

यात कोणाचा दोष आहे असेही नाही. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, म्हणजे माझ्या भाच्याच्या भाषेत 'चालू घडामोडी'. त्याआधी आम्ही औरंगाबादच्या पोटात. आमचा इतिहास शोधायचा तर दुसऱ्याच्या नावाच्या फाइलीत शोधावा लागतो. नशीब एवढेच की ती फाइल आता फुकट उघडते. उघडणारा पाहिजे.

आणि मराठीत पाहिजे. हा विश्वकोश, ही मंडळाची पुस्तके, एवढे सोडले तर समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे फुकट भांडार नव्वद टक्के नाही म्हणत, पण वरवर बघितले तरी इंग्रजीतच. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली तेव्हा आमच्या चौकात फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर 'दुष्काळाचे समाजशास्त्र' असे मराठीत शोधले. पहिले उत्तर ट्रॅक्टरच्या कर्जाचे आले, दुसरे एका ज्योतिष्याचे. आमच्या जिल्ह्याला दुष्काळाइतका सलग अभ्यास दुसऱ्या कुठल्या विषयाचा नाही, आणि त्यावर मराठीत आपणच लिहिलेले सापडू नये, हे म्हणजे मोसंबी पिकवून सरबत डब्यातले पिण्यासारखे झाले.

जाऊ द्या. मामांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले.

एका तालुक्याच्या ठिकाणी गेलो मामांना घेऊन. तहसीलच्या आवारात लिंबाखाली एक टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी प्रिंटर, मागे छत्री. रांग वीस-पंचवीस माणसांची. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, आणि प्रत्येकाच्या तोंडात आजा-पणजांची नावे. एरवी ज्यांना आजोबांचे नाव श्राद्धालाच आठवते, ते चार पिढ्या उलट्या क्रमाने म्हणत होते, रामरक्षेसारख्या. टेबलावरच्या पोराने स्कॅन केलेले पान उघडले आणि मामांनी मला पुढे ढकलले. "हा वाचतो. बीए आहे."

तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोन अक्षरांवर जोर पडला.

मी वाचायला लागलो. अक्षर झोकदार, शाई उडालेली, बोरूचा हात. गावाचे नाव लागले. पणजोबांचे नाव लागले, बापाच्या नावासकट. पोरगा म्हणाला, "झालं, नाव आलं, काढू का प्रिंट?" मी बोटाने थांबवले, कारण खाली आणखी दोन ओळी होत्या. शेताचा नंबर, किती जमीन, बांधावर आंब्याची झाडे सहा, आणि एक विहीर, बांधीव.

मामा टेबलावर वाकले. "कोणती विहीर?"

"ते लिहिलं नाही. पूर्वेच्या बांधाला, एवढंच आहे."

"पूर्वेला विहीर नाही आपल्या." मग थांबून म्हणाले, "एक खड्डा आहे. दगड निघतात तिथं नांगरताना. आमच्या बापाला मी विचारलं होतं, हे दगड कशाचे म्हणून, तर त्यालाबी माहीत नव्हतं... आंबे कुठं होते, वाच बरं. कोणी बांधली ते लिहिलं असल. खाली वाच. वाच की."

मी खाली सरकवले. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. पोराने माउस आपल्याकडे ओढला.

"मामा, विहिरीचा दाखला मिळत नसतो. सरका पुढं."